गणपतीला गावी जाण्याआधी

बुधवार, रात्री

श्रावण संपत आला की नवी मुंबईतल्या टीबीच्या रुग्णांची यादी वेगळ्या नजरेने वाचावी लागते. दिघा, रबाळे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातल्या चाळींमधून माणगाव, महाड, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्यांच्या पिशव्या भरायला लागतात. त्या पिशवीत गोळ्या गेल्या की नाही, यावर सहा महिन्यांचा उपचार टिकतो किंवा तुटतो. आज आम्ही दोघा नवरा-बायकोने वही उघडून नावांचे तीन गट केले : उपचार सुरू होऊन दोन आठवडेही न झालेले, दोन आठवडे ते तीन महिने झालेले, आणि शेवटाकडे आलेले.

पहिल्या गटाला प्रवास पुढे ढकलायला सांगायचं. योग्य औषधं नियमित सुरू झाली की बहुतेकांचा संसर्गाचा धोका दोनेक आठवड्यांत खूप उतरतो, पण तोवर काचा बंद केलेल्या बसमध्ये सात-आठ तास बसणं आणि मग माणसांनी भरलेल्या माजघरात झोपणं बरं नाही. जायचंच असेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, खिडकीशी बसून. तिसऱ्या गटाला एवढंच विचारायचं, की शेवटची बेडका तपासणी कधी आहे आणि त्या दिवशी ते इथे असतील का.

खरी काळजी मधल्या गटाची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप जातो, भूक लागते, खोकला बसतो, माणूस कामावर जायला लागतो. आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला, हा प्रश्न इथेच येतो. त्याला उत्तर नीट द्यायला हवं. लवकर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून बरं वाटतं. मंद वाढणारे फुप्फुसात टिकून राहतात, आणि त्यांच्यासाठी पुढचे महिने असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत येतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रोज किती गोळ्या हे वजनावर ठरतं : ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. सगळ्या एकाच वेळी घ्यायच्या. मळमळतं म्हणून दोन सकाळी, एक रात्री अशी वाटणी बरेच जण मनाने करतात. तसं केलं की औषधाची रक्तातली पातळी हवी तेवढी चढत नाही. मळमळ असेल तर डॉक्टरांना सांगून हलकं खाऊन घ्याव्यात. अ‍ॅसिडिटीची गोळी किंवा पातळ औषध त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं.

सणाची एक खास अडचण आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका. निर्जळी उपास करणाऱ्या बाया त्या दिवशी गोळ्या सोडतात, आणि पाठोपाठ ऋषिपंचमी येते. इथे वाद घालून उपयोग होत नाही. औषधापुरतं पाणी चालतं, हे सासूच्या तोंडून आलं तर सून ऐकते. म्हणून आधी सासूबाईंशी बोलायचं, आणि ते काम बाईनेच करायचं.

नवरा-बायकोने मिळून हे काम करण्याचं कारणच ते आहे. बायकांना खाकरून बेडका काढायची लाज वाटते. डबीत थुंकी येते, तपासणीत काही सापडत नाही, आणि आजार तसाच राहतो. दोन नमुने लागतात, एक त्याच वेळचा आणि एक पहाटेचा. चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग पोटातून खोकून काढायचं. डबीत २ ते ५ मिलीलीटर घट्ट बेडका हवा, फेसाळ थुंकी चालत नाही. उघड्यावर किंवा गच्चीत जाऊन काढायचा, कोंदट मोरीत नाही. हे मी करून दाखवते, तेव्हा बायका करतात. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक : रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ही बाब घरात नवऱ्यासमोर कोणी विचारत नाही, म्हणून आपणच काढायची आणि तांबी किंवा दुसऱ्या उपायासाठी केंद्रात पाठवायचं. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध तोडू नये, हेही त्याच बैठकीत.

पुरुषांशी बोलायला हे जातात. तिथला विषय बहुतेक वेळा दारूचा आणि रोजंदारीचा. विसर्जनाच्या रात्री एक घोट घेतला तर काय होतं, असं विचारतात. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला ताण देतात, त्यावर दारू म्हणजे काविळीचा धोका. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिनने, तिला घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हातापायांना मुंग्या आल्या तर ‘बी ६’ची गोळी विचारायची. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर तो इथॅम्ब्युटॉलचा त्रास असू शकतो, लगेच दाखवायचं. सांधे दुखले तरी सांगायचं. कारण त्रास न सांगता गोळ्या बंद करणारेच सर्वांत जास्त हातचे जातात. तुर्भ्याकडे दगडखाणीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा दम निराळा समजायला हवा. दगडाच्या धुळीने फुप्फुसं आधीच कमजोर झालेली असतात, तिथे टीबी लवकर शिरतो, आणि टीबी बरा झाल्यावरही दम लागत राहतो. ‘औषध लागू पडलं नाही’ असा निष्कर्ष त्यांनी काढण्याआधी हे समजावून द्यावं.

आता गावी जाणाऱ्यांचं प्रत्यक्ष काम. आठ-पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याला तेवढ्या दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या गोळ्या मिळवून द्यायच्या. परतीचं आरक्षण मिळत नाही, रस्ता तुंबतो, आठवडा सहज जातो. गोळ्या अंगावरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या डब्यात. टपावर टाकलेल्या बॅगेत ठेवलेल्या भाद्रपदाच्या पावसात भिजतात. उपचार कार्डाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये. महिन्याहून जास्त राहणार असेल तर नुसत्या जादा गोळ्या देऊन भागत नाही. टीबी रुग्णांच्या नोंदीच्या सरकारी ‘निक्षय’ पोर्टलवर त्याची नोंद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे हलवायला लागते, आणि ते काम केंद्रातले कर्मचारी करतात. आपण फक्त माहिती बरोबर आणायची. तिथेच चूक होते. माणूस ‘खेड’ म्हणतो, तालुक्यात आरोग्य केंद्रं अनेक असतात. त्याऐवजी विचारावं : घरातल्या तान्ह्या बाळाला लस कुठे देतात? मग बरोबर ते उपकेंद्र आणि त्यावरचं आरोग्य केंद्र कळतं. गावच्या आशाताईंचा नंबर मिळाला तर उत्तमच.

खंड पडलाच तर घाबरवायचं नाही. पाच-सहा दिवस गेले तर आल्याबरोबर सुरू करायचं, सुटलेले डोस शेवटी पूर्ण करावे लागतात. महिना किंवा जास्त गेला तर मनाने पुन्हा सुरू करायचं नाही. आधी बेडका तपासून औषधाला दाद न देणारा टीबी झालेला नाही ना, हे पाहावं लागतं. रागावलेला माणूस परत येत नाही, एवढं आम्ही दोघांनी एकमेकांना बजावून ठेवलं आहे.

गुरुवार, दुपारी

पैशांचं आणि शिध्याचं. टीबी रुग्णाला आहारासाठी सरकारी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात ३,००० सुरुवातीला आणि ३,००० रुपये ८४ दिवस पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होतात. अडतं ते खात्यावर. खातं गावच्या शाखेत आणि वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही, आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, किंवा बँकांच्या विलीनीकरणात शाखेचा आयएफएससी बदललेला. गणपतीला गावी जाणं इथे मात्र उपयोगी पडतं : जाणाऱ्याला आधार आणि पासबुक सोबत न्यायला सांगायचं, शाखेत जाऊन खातं चालू करून, आधार जोडून यायचं. चतुर्थी आणि गौरींचे दिवस सोडून जावं.

देणगीदारांकडून रुग्णाला मिळणाऱ्या शिध्याच्या पिशवीत प्रौढ माणसाला महिन्याला धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, तेल २५० ग्रॅम आणि शेंगदाणे १ किलो. दुधाच्या पावडरीऐवजी आम्ही शेंगदाणेच धरतो. पावसात पावडरीचे गठ्ठे होतात, आणि दाणे कामावर खिशात नेता येतात. धान्यात नाचणी घातली तर कोकणातले लोक आनंदाने खातात. ही पिशवी रुग्ण एकटा खात नाही, घरातले पाचही जण खातात, आणि त्याबद्दल देणारे कुरकुरतात. ती तक्रार मला पटत नाही. झारखंडमध्ये केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : रुग्णाच्या घरातल्यांनाही शिधा दिल्यावर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुप्फुसाच्या टीबीपुरतं पाहिलं तर ४८ टक्क्यांनी. घर जेवलं तर घर वाचतं. देणाऱ्यांकडे पैसे असतील तर पिशवी मोठी करावी, वाटून खाल्लं म्हणून बोलू नये. आणि पिशवी घेताना रुग्णाचा फोटो काढू नये. रुग्णांना असा शिधा देणाऱ्यांची निक्षय मित्र ही योजना सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हापासून असे फोटो चाळीच्या ग्रुपवर फिरतात, आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस पिशवी घ्यायला येत नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, चप्पल काढून. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढ व्हावी, म्हणजे ४० किलोच्या माणसाला २ किलो. वाढलं नाही तर आधी साखर तपासायला पाठवायचं. मधुमेह लपलेला असतो, आणि तो आटोक्यात येईपर्यंत टीबीही नीट हटत नाही. उलट ४७ चा ५२ झाला तर आनंद करून थांबायचं नाही : वजनगट बदलला की गोळ्यांची संख्याही बदलायला लागते. हे केंद्रात दाखवायला हवं.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी सणाआधी उरकावी. कोणाला खोकला, ताप, वजन घटणं असं काही नाही आणि टीबी नाही हे नक्की झालं, तर प्रतिबंधक औषध घेता येतं : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा दोन औषधं. आजारी नसलेल्या माणसाला गोळी घ्यायला लावणं फार अवघड. तिथे लहान मुलापासून सुरुवात केली तर आईबाप ऐकतात.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दाम्पत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ते दोघे डॉक्टर होते, आमच्यापाशी ते ज्ञान नाही. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट शहरातल्या चाळीलाही लागू पडते : आजाऱ्यापर्यंत रोज पोचणारी व्यक्ती त्याच गल्लीतली असावी. म्हणून प्रत्येक चाळीत उपचार पूर्ण केलेली एक बाई किंवा पुरुष आम्ही शोधत असतो. तिच्या शब्दाला जे वजन आहे ते आमच्या बोलण्याला येत नाही.

वहीत आज एक रकाना वाढवला : गावातला दुसरा फोन, शक्यतो शेजाऱ्याचा, रुग्णाला विचारून. त्यावर बोलताना आजाराचं नाव घ्यायचं नाही, ‘नवी मुंबईहून ताई बोलतेय, परत कधी येताय’ एवढंच. अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी हे दिघा-रबाळेची बाजू फोनवर घेतील, मी घणसोली आणि तुर्भे. फोन लागला नाही तर मंगळवारी दार. काही अडलं तर निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ प्रत्येक कार्डाच्या मागे ठळक पेनने लिहायची आहे, ती उद्या सकाळी.