मी नाकारलेली जागा

आज दुपारी बोलता बोलता एका मैत्रिणीच्या तोंडून निघून गेले की, मी नाकारलेल्या त्या पदावर जी रुजू झाली, तिने तिथे चांगलेच काम केले आहे. त्या कंपनीच्या मुलांसाठीच्या डिजिटल खेळात पडद्यावर मध्येच उघडणारी, उलटी मोजणी दाखवून घाईघाईने नाणी विकत घ्यायला लावणारी ती चौकट तिने वरिष्ठांशी भांडून काढायला लावली म्हणे. मी ‘छान झाले’ असे म्हटले आणि विषय बदलला. त्यानंतर मात्र दिवसभर कशातच लक्ष लागले नाही.

खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. ज्या चौकटीमुळे मी ती नोकरी नाकारली, ती चौकटच गेली. आणि मुलांचे भले हेच तर मी नकाराचे कारण म्हणून सगळ्यांना सांगत आले. तरीही वाईट वाटले, आणि ते पगारामुळे नव्हे, असे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावते आहे. थोडे पगाराचेही असेल. हप्ते आहेत, आईचे सगळे आहे, पण त्याविषयी आज लिहायचे नाही.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये मांडलेले एक उदाहरण मी त्या काळात ढालीसारखे वापरत असे. त्यातला जॉर्ज हा रसायनशास्त्रज्ञ आहे. त्याची पीएचडी झालेली आहे, प्रकृती तोळामासा आहे, घरी लहान मुले आहेत आणि नोकरी मिळत नाही. रासायनिक आणि जैविक अस्त्रांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत बऱ्या पगाराची जागा असल्याचे त्याला कळते, पण अशा अस्त्रांना त्याचा विरोध असतो. जागा सुचवणारा ज्येष्ठ सहकारी त्याला सांगतो की, तू नाही म्हणालास तर तिथे असा माणूस जाईल ज्याला कसलीच टोचणी नाही आणि जो हे काम तुझ्यापेक्षा अधिक उत्साहाने पुढे रेटेल. केवळ परिणामांचा हिशेब मांडला तर जॉर्जने जागा घ्यावी असेच उत्तर येते, आणि विल्यम्स यांना नेमके तेच खटकते. ज्या निष्ठांवर माणसाचे आयुष्य उभे असते, त्या दुसरा कोणी काय करणार आहे हे पाहून बाजूला ठेवता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून मला तेव्हा फार बळ आले होते. मात्र त्या उदाहरणात जॉर्जच्या जागी येणारा माणूस त्याच्याहून वाईट आहे. माझ्या जागी आलेली माझ्याहून बरी निघाली, आणि या प्रसंगासाठी मला कोणाचेच उदाहरण सापडत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लॅट यांचे नावही मी अधूनमधून घेत असे. जर्मनी अणुबॉम्ब बनवत नाही हे स्पष्ट झाल्यावर १९४४ च्या अखेरीस ते अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे केंद्र असलेले लॉस अ‍ॅलामॉस सोडून निघाले. त्यांच्या जाण्याने काही थांबले नाही. जुलै १९४५ मध्ये चाचणी झाली आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी. खरे कारण सहकाऱ्यांना सांगायचे नाही असे ठरल्यामुळे, पोलंडमध्ये अडकलेल्या पत्नीची काळजी हे कारण पुढे करण्यात आले. म्हणजे नकाराचा परिणाम नाही, आणि श्रेय तर नाहीच. १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले ते निघून जाण्याबद्दल नव्हे, तर पुढे अनेक दशके अण्वस्त्रांविरुद्ध जे काम केले त्याबद्दल. मी मात्र त्यांची गोष्ट नेहमी निघून जाण्यापाशीच संपवत असे, कारण तेवढीच माझ्याशी जुळत होती.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी सोयीस्करपणे फक्त इतरांना लागू करत असे. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग त्यांतल्या दोहोंपैकी एक निवडायला सांगितले आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेले उपकरण वर गेले होते आणि नाकारलेले खाली. माझ्याही बोलण्यात ती कंपनी महिन्यागणिक अधिकाधिक काळी होत गेली, इतकी की तिथे एखादा भला माणूस टिकेल आणि काही बदलेल हे मला अशक्यच वाटू लागले होते. आज ती नाकारलेली वस्तू एकाएकी वर सरकली. दुखते आहे ते बहुधा इथेच. माझ्या नकाराने कोणाचेही काही अडले नाही, एवढे मी पचवले असते. पण तो नकार मुलांच्या पथ्यावर पडला आणि तोही मी तिथे नव्हते म्हणून, हे पचायला जड जाते.

बरे, मी गेले असते तर काय केले असते? स्वतःला ओळखत असल्यामुळे याचे उत्तर मला देता येते. मी एक सविस्तर, मुद्देसूद ईमेल पाठवले असते. उत्तर आले नाही म्हणून त्याहून सविस्तर असे दुसरे पाठवले असते, आणि चौकट जिथल्या तिथे राहिली असती. तिला भांडता येते, मला नाही. आमची दोघींची मूल्ये एकच असतील, पण स्वभाव एक नाहीत, आणि आपली मूल्ये ओळखून मग व्यवसाय निवडा असे सांगणारे लोक चार वरिष्ठांसमोर बसल्यावर त्या मूल्यांचे तुम्ही काय करता, हे कधीच विचारत नाहीत. मला हे लिहिताना हसू येते आहे, त्या अर्थी दुपारपेक्षा बरे वाटत असावे.

शिवाय मूल्यांसाठी निवडलेल्या, स्वयंसेवी संस्थेतल्या या नोकरीतही सगळे काही सोवळे नाही. देणगीदारांना जाणाऱ्या अहवालाच्या मसुद्यात, एकदाच हजर राहिलेली मुलेही ‘लाभार्थी’ म्हणून मोजली आहेत. सगळ्याच संस्था असे मोजतात, असे मला सांगण्यात आले. तो आकडा बदलायला हवा हे माझे ठरले आहे. आधी वरिष्ठांना एकटीने भेटायचे की सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर बोलायचे, एवढेच ठरायचे आहे. ईमेल पाठवणार नाही.