तुम्ही विचारलंत म्हणून: पियानो असताना हार्पसिकॉर्ड कशाला?

आमच्या दिवाणखान्यात एक लांबट, निमुळतं वाद्य आहे. घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाचं लक्ष आधी त्याच्या पट्ट्यांकडे जातं. पियानोवर ज्या पट्ट्या पांढऱ्या असतात त्या इथे काळ्या आहेत आणि काळ्या असतात त्या पांढऱ्या. शिवाय पट्ट्यांच्या ओळी दोन आहेत, एकीवर एक. बॉस्टनच्या आसपासची मराठी मंडळी, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, माझ्या मुलीच्या मैत्रिणी, सगळेच थोडं वाजवून बघतात आणि मग विचारतात, “पियानो निघाल्यावर हे मागे पडलं ना? मग आता हे कशाला वाजवायचं?”

प्रश्न रास्त आहे. चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी थोडक्यात सांगते. हार्पसिकॉर्ड हा कच्चा राहिलेला पियानो नाही. पियानोत हातोडी तारेवर आपटते, हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. घराणंच वेगळं. आणि दोनेकशे वर्षं ज्या लोकांनी या छेडलेल्या तारेसाठी संगीत रचलं, त्यांनी ते तिचा स्वभाव ओळखून रचलं. ते संगीत ऐकायचं तर ही तार हवी.

आत काय चालतं ते बघितल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून मी पाहुण्यांना झाकण उघडून दाखवते. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक पातळ उभी पट्टी असते, तिला जॅक म्हणतात. तिच्या वरच्या बाजूला एक छोटी जीभ आणि त्या जिभेत बसवलेली नखी. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची असायची, बहुधा डोमकावळ्याच्या. आता बऱ्याचदा डेलरिन नावाच्या प्लास्टिकची असते. पट्टी दाबली की जॅक वर जातो, नखी तारेला छेडते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, पण येताना ती जीभ मागे सरते आणि नखी तारेला न छेडता खाली निसटते. जीभ पुन्हा जागेवर यावी म्हणून तिच्या मागे जुन्या कारागिरांनी डुकराचा एक राठ केस लावलेला असे. शेवटी जॅकच्या बाजूचा लोकरीचा तुकडा तारेवर टेकतो आणि आवाज थांबतो. पट्टी दाबून सोडायला लागतो तेवढ्या वेळात हे सगळं होतं, आणि अशा जॅकच्या तीन रांगा माझ्या वाद्यात आहेत.

ही नखी तासणं हे वेगळं कसब आहे. धारदार पात्यानं तिच्या खालच्या अंगाचा दिसेल न दिसेल इतका पापुद्रा काढायचा, जॅक परत घालून वाजवायचं, शेजारच्या स्वराशी ताडून बघायचं. जास्त तासली तर आवाज मरतो, कमी तासली तर तार ओरडते. मी सांगलीची, मिरज हाकेच्या अंतरावर. तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीवरून कानस फिरवून थांबतात, ऐकतात, परत फिरवतात, ते लहानपणी खूप पाहिलंय. नखी तासताना कानाला लागते ती एकाग्रता तीच आहे.

आता मुख्य आक्षेप. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, नखी तारेला जवळजवळ तेवढ्याच जोरानं छेडते. म्हणजे एखादा स्वर मोठा, एखादा लहान, असं बोटाच्या दाबानं करता येत नाही. “मग ही उणीवच झाली की!” असं इथे हमखास ऐकायला मिळतं.

उणीव होती, आणि ती त्या काळच्या वादकांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. फ्रान्स्वा कुपरँ हा पॅरिसचा थोर वादक आणि रचनाकार. त्याने १७१३ साली आपल्या हार्पसिकॉर्ड रचनांचं पहिलं पुस्तक छापलं. त्याच्या प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की या वाद्याचा स्वर फुगवता येत नाही की उतरवता येत नाही, आणि तरीही जो कोणी या वाद्यातून भाव काढून दाखवेल त्याचा मी ऋणी राहीन. मग तो स्वतःच वाट काढतो. स्वर मोठा करता येत नाही ना, तर तो किंचित उशिरा वाजवा. ऐकणाऱ्याचा कान त्या स्वराची वाट बघतो, आणि वाट बघायला लावलेला स्वर आला की तो मोठा वाटतो. कुपरँनं यासाठी खूणही ठरवून दिली. व्हायोलिनवाला गज दाबून जे करतो ते इथे वेळेनं करायचं. त्याखेरीज नाना तऱ्हेचे कण, मुरक्या, खटके आहेतच. हार्पसिकॉर्डचं संगीत अलंकारांनी इतकं भरलेलं का असतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. स्वर लवकर विरतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा जागा करायचं. आणि विरतो म्हणूनच दोन स्वरांमधली फट, बोट उचलण्याची नेमकी घडी, यांना इथे प्रचंड किंमत येते.

कुपरँचीच एक रचना आहे, १७१७च्या दुसऱ्या पुस्तकातली ‘ले बारिकाद मिस्तेरिअज’. तिच्यात दोन्ही हात खालच्या अंगालाच राहतात. तार सप्तकाकडे कोणी फिरकतच नाही. एकामागून एक स्वर छेडायचे आणि पट्टी लगेच सोडायची नाही, एक स्वर दुसऱ्यात रेंगाळू द्यायचा. हार्पसिकॉर्डवर तिथे प्रत्येक स्वर ‘टच्’ असा स्पष्ट सुरू होतो, आणि त्याच्या मागे आधीच्यांची मंद गुंज राहते. सुरुवात टोकदार, शेपूट मऊ. पियानोवर हीच रचना फार सुंदर वाजवणारे लोक आहेत, मी त्यांना आवडीनं ऐकते. पण पियानोच्या त्या भागातल्या तारा जाड, त्यांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मोठी. स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होऊ नयेत म्हणून वादकाला सतत सांभाळून राहावं लागतं. कुपरँनं जिथे वादकाला मोकळं सोडलं होतं, तिथे पियानो त्याला जपून चालायला लावतो.

“पियानो निघाल्यावर हे मागे पडलं” या वाक्यातही दुरुस्ती करायला हवी. पियानो १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मेडिची घराण्याच्या आश्रयाला असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं बनवला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरलेत: एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, एक रोममध्ये, एक लाइपझिगमध्ये. हा माणूस पियानो काढल्यावरही हार्पसिकॉर्ड बनवत राहिला. पुढे जवळजवळ शतकभर दोन्ही वाद्यं शेजारी शेजारी नांदली. बेथोवनचा ‘मूनलाइट’ म्हणून गाजलेला सोनाटा १८०२ साली छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर ‘हार्पसिकॉर्ड किंवा पियानोसाठी’ असंच होतं, कारण विकत घेणाऱ्यांच्या घरी अजून जुनं वाद्य होतं.

माझा सगळ्यात आवडता दाखला स्पेनचा. दोमेनिको स्कार्लात्ती हा राणी मारिया बार्बराचा संगीतशिक्षक. त्याने साडेपाचशेहून जास्त सोनाटा रचले, गिटारच्या झणत्कारानं आणि हातांच्या उलटसुलट उड्यांनी भरलेले. १७५८ साली राणी वारली तेव्हा तिच्या वाद्यांची यादी झाली. त्या यादीत फ्लॉरेन्सच्या बनावटीचे पियानो होते, आणि त्यांतल्या दोघांची हातोड्यांची यंत्रणा काढून त्यांचं हार्पसिकॉर्ड करून घेतलेलं होतं. दोन्ही वाद्यं हाताशी असलेल्या, कानाच्या तयार माणसांनी उलट्या दिशेनं निवड केली होती. नव्यानं जुन्याला हरवलं ही गोष्ट आपण नंतर रचली.

मागे पडलं हे खरं, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस. मोठी सभागृहं आली, तिकीट काढून येणारा श्रोता आला, भरणारा आवाज हवा झाला. त्या कामाला हार्पसिकॉर्ड दुबळंच.

मग शंभरेक वर्षांनी ते परत कसं आलं? आर्नोल्ड डॉल्मेच या कारागीर-वादकानं इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात पुन्हा हार्पसिकॉर्ड बनवायला घेतलं. त्यानंतर वांडा लँडोव्स्का आली. पोलंडमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये राहिलेली. १९१२ साली प्लेयेल या पियानो कंपनीनं तिच्यासाठी खास हार्पसिकॉर्ड काढलं, आणि १९३३मध्ये तिनं जर्मन रचनाकार बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ हार्पसिकॉर्डवर पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. तिच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे, या वाद्याला पुन्हा मंचावर बसवलं ते तिनं. पण तिचं वाद्य म्हणजे पियानोच्या कारखान्याला सुचलेलं हार्पसिकॉर्ड होतं: जाडजूड, पेडलांचं, पुढे ओतीव लोखंडी चौकटीचं. जुन्या लोकांना जमलं नव्हतं ते आपण सुधारून देतो आहोत, असा विश्वास त्या काळी होता.

तो विश्वास मोडला तो आमच्या या बॉस्टनमध्येही. फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड या दोन मित्रांनी १९४९मध्ये इथे कार्यशाळा काढली. सुधारणा बाजूला ठेवून त्यांनी जुनी वाद्यं मोजायला सुरुवात केली. अँटवर्पच्या रुकर्स घराण्यानं सोळाव्या-सतराव्या शतकात बनवलेली वाद्यं पॅरिसच्या कारागिरांनी शंभर वर्षांनंतरही फेकली नव्हती. पेट्या रुंद करून, पट्ट्या वाढवून ती नव्यानं वापरात आणली होती, कारण त्या तबलीचा, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीचा, आवाज कोणालाच गमवायचा नव्हता. ती तबली काही मिलिमीटर जाडीची, स्प्रूसच्या लाकडाची. तारा बारीक, ताण कमी, अख्खं वाद्य हलकं. आजच्या ग्रँड पियानोत तारांचा एकूण ताण १५-२० टनांच्या घरात असतो, त्याला लोखंड लागतंच. इथे लोखंडाची गरज नव्हती, आणि हलकेपणातच आवाज होता. हबर्डचा या विषयावरचा ग्रंथ १९६५ साली आला. पुढे हबर्डच्या कार्यशाळेनं सुट्या भागांचे संच विकायला सुरुवात केली, हौशी माणसानं घरी जोडायचे. माझं वाद्य अशाच एका संचातून कोणीतरी जोडलेलं, मी जुनं विकत घेतलेलं. १७६९ साली पॅरिसमध्ये पास्काल तास्कँनं बनवलेल्या आणि आता एडिंबरात असलेल्या हार्पसिकॉर्डची ती प्रतिकृती आहे.

गाणं शिकलेल्या पाहुण्यांशी मी सुरांबद्दल बोलते, कारण तिथे आपला कान युरोपियन माणसापेक्षा आधीच तयार असतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो, साधारण अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की ते होणारच. हार्मोनियमवर आपल्याकडे वाद झाला तो याच कारणानं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि श्रुती वाजवणारी पेटी करून घेण्याचा खटाटोप केला. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली ती कित्येक वर्षं बंदच राहिली.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात पट्टीवाद्यं अशी समान भागांत लावत नसत. मीनटोन नावाच्या पद्धतीत आठ गंधार अगदी शुद्ध मिळतात. त्याची किंमत पंचमांनी मोजायची. ते सगळे थोडे उतरे राहतात, आणि एक पंचम तर इतका बिघडतो की त्याला ‘लांडगा’ म्हणतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत. हार्पसिकॉर्ड वादकाला स्वतःच लावावं लागतं, हवेतल्या दमटपणानं ते सारखं उतरतं-चढतं. त्यामुळे कोणत्या शतकाचं वाजवायचं त्याप्रमाणे सूर बदलता येतात. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या स्वीलिंक या त्या काळच्या रचनाकाराचं काही वाजवायचं असेल तर मीनटोन लावते. एकदा किराणा घराण्याची तालीम घेतलेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांना मी फक्त षड्ज आणि गंधार एकत्र वाजवून दाखवले. त्या म्हणाल्या, “अहो, हा तर आपला!” आणि मग मांडी घालून तिथेच जमिनीवर बसल्या, तासभर.

आणखी एक प्रश्न क्वचित येतो, पण तो जास्त टोकदार असतो: त्या काळी हे असंच वाजत होतं कशावरून? ध्वनिमुद्रण नाही, माणसं नाहीत. हातात आहेत ती वाद्यं, शिकवणीची पुस्तकं, जमाखर्चाच्या वह्या, चित्रं. त्यावरून पुष्कळ कळतं, सगळं नाही. आजच्या वादकांत सर्रास चालणारा षड्जाचा आधारही, म्हणजे आधुनिक सुरापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली लावणं, हा सोयीसाठी केलेला करार आहे. जुन्या काळी गावागणिक सुराची उंची वेगळी होती. त्यामुळे ‘अस्सल’ या शब्दाचा मी आग्रह धरत नाही. पण म्युझियममधली मूळ वाद्यं दुरुस्त करून वाजती करावीत का, या वादात माझं मत ठाम आहे: शक्यतो करू नयेत. प्रत्येक दुरुस्तीत एखादी जुनी तार, एखादा पिसाचा तुकडा, कारागिराची एखादी खूण नाहीशी होते, आणि ती पुन्हा मिळत नाही. मूळ वाद्य मोजावं, जपावं आणि वाजवायला चांगली प्रतिकृती करावी.

ऐकायचं असेल तर गुस्ताव्ह लिओनहार्टचं बाख ऐका आणि स्कॉट रॉसचे स्कार्लात्ती. रॉसनं १९८०च्या दशकात ते सगळेच्या सगळे, ५५५ सोनाटा ध्वनिमुद्रित केले आहेत. मात्र आवाज पियानो ऐकताना ठेवता त्याच्यापेक्षा बराच कमी ठेवा. हार्पसिकॉर्ड कर्कश वाटतं अशी तक्रार करणारे बहुतेक जण ते प्रत्यक्षात असतं त्याहून किती तरी मोठं करून ऐकत असतात. खोलीच्या त्या टोकाला कोणी वाजवतंय आणि पंखा बंद केला तरच नीट ऐकू येईल, इतपत पुरे.