धुराडं झाडलं तरी धूर घरातच का येतो

दसरा झाला की खानदेशात घरं झाडायला निघतात. भिंतींना चुना लागतो, पितळ चिंचेने घासलं जातं, धाब्यावरची, म्हणजे सपाट छपरावरची, माती सारखी होते. चुलीचं धुराडं मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. पुढे कार्तिकात पहाटेची थंडी पडते, अंघोळीच्या पाण्याला रोज जाळ लागतो आणि आठवड्याभरात सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागतात. दोष सरपणावर जातो. कधी तो खराही असतो, पण बऱ्याचदा धूर अडतो तो वळणात. चुलीतून निघालेला धूर आडवा जाऊन नळीत उभा चढतो, ती हातभर जागा म्हणजे वळण. वरून नळी लख्ख केली आणि वळण तसंच ठेवलं, तर झाडलेली काजळीही तिथेच जाऊन बसते. मग साफ केल्यावर धूर वाढला, असं वाटतं. वाढलेलाच असतो.

१९८३ साली सरकारी कार्यक्रमातून निर्धूर चुली आल्या, तेव्हापासून गावोगाव साधारण एकच घडण दिसते: पुढे मुख्य तोंड, मागे औल म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं तोंड, दोघांच्या मधे भुयार आणि औलीच्या मागून वर जाणारी ४ इंची नळी. या ४ इंचांचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. आतून सगळीकडे अर्धा इंच थर चढला की नळी ३ इंचांची उरते. वरवर वाटतं, पाव भागच गेला. पण धूर जातो तो क्षेत्रफळातून, म्हणजे १६ भागांतले ९ उरले. जवळजवळ निम्मी वाट बंद. म्हणून थर दोन-तीन मिलिमीटरचा दिसला की नळी झाडायची, अर्ध्या इंचाची वाट बघायची नाही.

थर सगळा सारखा नसतो. बोटाने पुसला जाणारा काळा भुगा म्हणजे साधी काजळी, ती खराट्याने निघते. कोळशाच्या पापुद्र्यासारखे तुकडे सुटत असतील तर सरपण थोडं ओलं होतं. आणि आतून डांबर फासल्यासारखी चकाकी दिसली, तर ते खरोखरच डांबराच्या जातीचं आहे. ओलं लाकूड जळताना बरीच आच पाणी उडवण्यात जाते, धूर कोमट निघतो, थंड नळीला लागला की त्यातला चिकट अंश तिथेच गोठतो. पहाटेच्या थंडीत, उघड्यावरच्या पातळ पत्र्याच्या नळीत हे सर्वात लवकर होतं. गोवऱ्यांचं तंत्र वेगळं. त्यांनी डांबर कमी धरतं, पण राख उदंड पडते आणि ती उडून थेट वळणात साचते. गोवऱ्या जाळणाऱ्या घरात वळण महिन्याला बघावं लागतं, नळी वर्षाला एकदा चालते.

आपल्याकडे खरी अडचण पऱ्हाटीची. माघ-फाल्गुनात उपटलेल्या कपाशीच्या काड्या उन्हाळ्यात खडखडीत वाळतात, पण रचून ठेवलेला ढीग पावसाळा उघड्यावर काढतो. दिवाळीला वरची काडी कोरडी लागते, आतली ओली असते. ढिगाच्या पोटातून काडी ओढून मोडून बघा: कट्‌कन मोडली तर जाळा, वाकून सोलली गेली तर आठ दिवस उन्हात पसरा. बाभूळ-निंबाची फोडलेली लाकडं सहा महिने वाळलेली हवीत. दोन ढलप्या एकमेकांवर आपटल्या की टणक आवाज यावा. जळताना टोकातून फेस येत असेल तर ते लाकूड अजून चुलीचं नाही. (पऱ्हाटीचे ढीग वर्षभर ठेवू नका असं कृषी खातं सांगतं ते गुलाबी बोंडअळीसाठी, कारण अळी त्यात दडून राहते. धुराड्यालाही तो सल्ला मानवतो.)

आता काम. चूल आदल्या दिवसापासून विझलेली हवी. गोवरीची राख वरून गार वाटते आणि आत रात्रभर निखारा धरते, तेव्हा हात घालण्याआधी चिमट्याने उकरून बघा. धाब्यावर चढून आधी टोपी काढायची. पावसाळाभर चूल बंद असेल तर टोपीखाली हमखास काहीतरी असतं: साळुंकीच्या काड्या, गांधीलमाशीचं पोळं, कोळ्याची जाळी. खालून अचानक जाळ करून ते ‘जाळून टाकायचा’ उद्योग करू नये. काड्या पेटतात, अर्धवट जळून खाली वळणात अडकतात, आणि गांधीलमाश्या वर उभ्या असलेल्याच्या तोंडावर येतात.

बाजारच्या ब्रशाची गरज नाही. नारळाच्या हिरांचा जुना खराटा घ्या, ५ इंचांचे तुकडे करा, मूठभर तुकडे मधोमध बारीक तारेने करकचून बांधा आणि हिर चौफेर फुलवा. नळी ४ इंची असली तरी हा फुलोरा ५ इंची हवा, म्हणजे भिंतीला दाबून घासला जातो. काथ्याचा दोर नळीच्या दुप्पट लांबीपेक्षा हातभर जास्त घ्या, १२ फुटी नळीला २६ फूट, आणि फुलोरा दोराच्या बरोबर मध्यावर बांधा. खालच्या टोकाला किलोभर दगड, तोही गुळगुळीत. वरून दगड सोडला की दोर खाली येतो. मग एक जण धाब्यावर, एक जण खाली, आणि दहा-बारा वेळा वर-खाली ओढायचं. दोराची दोन्ही टोकं हातात असली पाहिजेत. एकाच टोकाने बांधलेला फुलोरा मधेच रुतला, तर तो काढायला नळी उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

त्याआधी खाली चुलीचं तोंड आणि औल ओल्या बारदानाने बंद करा, नाहीतर काजळी स्वयंपाकघरभर होते. नाक-तोंडाला ओला रुमाल हवाच. नळी जुन्या सिमेंटच्या पत्र्याची, म्हणजे अ‍ॅसबेस्टॉसची असेल तर गोष्ट बदलते. ती कोरडी खरवडायची नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, करवतायची तर मुळीच नाही. आतून पाणी शिंपडून ओली करा, हलक्या हाताने फुलोरा फिरवा आणि निघालेला गाळ ओलाच गोळा करा. तोंडं भुसभुशीत झाली असतील तर नळी बदला, कारण तो धागा फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. चकाकणारं डांबर मात्र हिरांना दाद देत नाही. पत्र्याची नळी असेल तर ती उतरवून बाहेरून लाकडी ठोकळ्याने ठोकायची, पापुद्रे सुटतात. तरी न निघालं तर तेवढा तुकडा नवा घालणं स्वस्त पडतं.

मग वळण. औलीवरचं भांडं उचलून हात कोपरापर्यंत आत घाला. तळाला आधी मऊ राख लागते, तिच्याखाली पावसाळी ओल पिऊन बसलेला कडक थर. हा थर हाताने निघत नाही. वाकवलेल्या सळईने किंवा जुन्या उलथन्याने खरवडावा लागतो. १० फुटी नळी आणि वळण मिळून अर्धं-पाऊण घमेलं माल निघतो, आणि त्यातला मोठा वाटा वळणाचाच असतो. जाता जाता मधलं भुयारही साफ करा. तिथे मातीचा ढेकळा पडून वाट अडलेली सापडते, तो बहुधा औलीच्या काठाचा तुटलेला तुकडा असतो.

पत्र्याची नळी परत चढवताना सांध्यांकडे बघा. वरच्या तुकड्याचं खालचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत बसलेलं हवं, म्हणजे ओघळणारं डांबर आतून खाली येतं. उलटं बसवलं की प्रत्येक सांध्यातून काळा ओघळ भिंतीवर येतो. अशा ओघळांच्या भिंती गावात मोजाव्यात तितक्या सापडतील. राख ओली झाली की ती जस्त खाते, म्हणून वळणाजवळचा पत्रा आतून सडतो. अंगठ्याने दाबून बघा, दबला तर बदला. फटी लिंपायला काळी माती घेऊ नका, ती वाळली की आपल्या शेतासारखीच भेगाळते. गावठाणातली पांढरी माती, चाळलेलं शेण आणि मूठभर भुसा कालवून दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. नुसतं सिमेंट लावलं तर आचेने तडकतं.

नळीची उंची धाब्यापासून निदान ३ फूट असावी, आणि १० फुटांच्या आत पॅरापेट, टाकी किंवा शेजारचा मजला असेल तर त्याच्या माथ्यापेक्षा २ फूट वर. नाहीतर वारा त्यावरून घसरून थेट नळीत उतरतो. टोपी आणि नळीचं तोंड यांत चार बोटं मोकळी ठेवा. चिमण्या येतात म्हणून तिथे बारीक जाळी लावली तर महिन्याभरात ती काजळीने बुजते, तेव्हा अर्धा इंची भोकांची जाळी घ्या. आणि धाब्यावर रचलेला कडबा, तुराट्या नळीपासून दूर हलवा. पऱ्हाटीची ठिणगी हलकी असते, वाऱ्यावर जाते.

आतल्या डांबराने पेट घेतला तर नळीत घों घों आवाज येतो आणि वरून ज्वाळा दिसते. नळीत पाणी ओतू नका, तापलेलं सिमेंट फुटतं. चुलीचं तोंड ओल्या बारदानाने आणि औल जड झाकणाने बंद करा. हवा तुटली की आग मंदावते. लगेच कडबा हलवा, धाब्यावर पाणी मारा, अग्निशमनला फोन करा. नंतर नळी उतरवून तपासल्याशिवाय चूल पेटवू नये.

तांब्याचा बंब असेल तर त्याचं धुराडं सरळ, काम दहा मिनिटांचं: मधली नळी त्याच फुलोऱ्याने, खालची जाळी ठोकून, राखेचा खाना रिकामा. बोअरच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो. १० लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवा आणि दोन-तीनदा खळखळून धुवा. रिकाम्या बंबाखाली जाळ केला तर डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो, ही चूक पाहुण्यांकडून जास्त होते. बंब बंद न्हाणीत तर कधीच पेटवायचा नाही. निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही.

शेवटी परीक्षा. एक वर्तमानपत्र चुरगाळून औलीतून नळीच्या बुडाशी पेटवा, म्हणजे आतली गार हवा वर निघते. मग चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर झालं. मागे आला तर आधी औल उघडी आहे का ते बघा, कारण तिथून गार हवा शिरली की ओढ तुटते. मांडे भाजायचं खापर काठावर नीट न टेकल्यावर सगळं घर धुरकटतं ते याचमुळे, त्या दिवशी काठाला ओल्या मातीची वळी लावा. औल झाकूनही धूर मागेच येत असेल तर पुन्हा कोपरापर्यंत हात घाला, वळणात काहीतरी राहिलंय.

निघालेली गोवरीची राख भाजीच्या वाफ्याला चालते. डांबराचे पापुद्रे मात्र खड्ड्यात पुरा, उकिरड्यावर टाकू नका. आणि संक्रांतीच्या आसपास, ऐन थंडीत, वळण तेवढं परत एकदा बघा.