एसी चालू, वारा गायब आणि मध्ये एक ओटीपी

"सर, तेवढा ओटीपी सांगा" असं कुणी म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. एसीत बिघडला होता तो एक इवलासा कपॅसिटर, आतल्या पंख्याची मोटार सुरू करून देणारा भाग. ऐन मे महिन्यात सोलापुरात घरादाराला भाजून काढलं ते या ओटीपीने.

आमचा दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टर नाही. रिमोट दाबला की बीप वाजायचा, फ्लॅप उघडायचा, बाहेरचं युनिट घरघरायचं. वारा मात्र शून्य. जाळी काढून बघितलं तर कॉइलवर पांढराशुभ्र बर्फ. एमसीबी बंद करून तो वितळू दिला, भिंतीवर ओघळ आले. मग फटीतून पेन्सिलीने ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, ढकलून पाहिला. हलका फिरला, म्हणजे बुश (ज्यात त्याचा दांडा फिरतो) जाम नव्हता. एमसीबी चालू केल्यावर मोटार नुसती हुंकार देऊन गप्प. फिल्टर स्वच्छ होता. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहतो आम्ही, जाळीवर बसलेली कापसाची लव सारखी धुवावीच लागते.

एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे भरलेले, म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. तिकडून फोनवरच निदान: "बर्फ आहे ना सर? मग गॅस कमी." अहो, कॉइलवरून हवाच गेली नाही तर बर्फ धरणारच! गॅस कमी असला तरी धरतो, पण तेव्हा ब्लोअर फिरत असतो.

संध्याकाळी टेक्निशियनचा फोन. "आज लोड लई आहे, उद्या येतो. मेसेज आलाय त्यातला ओटीपी तेवढा सांगा." मेसेजमध्ये चक्क लिहिलेलं, काम पूर्ण झाल्यावरच ओटीपी द्या. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मेसेज: ग्राहक घरी नसल्याने तक्रार रद्द. घरी नसल्याने? बायको दिवसभर गच्चीवर कुरडया घालत होती, मी खाली घामाघूम! पुन्हा तक्रार, नवा नंबर, पुन्हा तोच फोन, तोच ओटीपी. सुपरवायझर मागितला की होल्डवरचं संगीत. "देऊन टाका ओ एकदाचा," शेजारचे काका म्हणाले. नाही दिला. ओटीपी दिला की तिकीट, म्हणजे तक्रार, बंद; आणि एकदा ते बंद झालं की त्यांच्या लेखी एसी दुरुस्त.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा डॉकेट नंबर कंपनीला मेल केला. लगेच माणूस हजर.

पोरगा हुशार होता. कव्हर काढलं, पीसीबीवरच्या, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावरच्या, कपॅसिटरला मीटर लावला. छापलेली क्षमता १.५ मायक्रोफॅरड, मीटरवर निम्मेसुद्धा नाही. "मालक, हा गेलाय." नवा बसवला, ब्लोअर सुरू. चहा निवायच्या आत काम झालं! ओटीपी तेव्हा दिला, अगदी आनंदाने.

बाहेरून करून घेणार असाल तर कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या, व्होल्टेज रेटिंग कमी नको. वीज बंद केली तरी त्यात चार्ज राहतो, बोट लावू नका. इन्व्हर्टर एसीत बहुधा डीसी मोटार असते, तिला असा कपॅसिटर नसतो आणि बोर्डावर तीनशेच्या वर व्होल्ट खेळतात. तिथे एरर कोड लिहून घ्या आणि हात लांब ठेवा. कुणी सरळ "पीसीबी बदला" म्हणालं तर आधी कपॅसिटर मोजायला लावा.

आणि हो, फोन करण्याआधी रिमोट ड्राय मोडवर नाही ना ते बघा. त्यात ब्लोअर मधूनमधून आपोआपच थांबतो.