तांब्या कुठे गेला?

कोल्हापुरात एखाद्या तालमीने वर्गणी काढली की पेठ हात आखडता घेत नाही. चौकात कुणा पुढाऱ्याचा नव्हे, तर लांग कसून उभ्या राहिलेल्या अनाम पैलवानाचा सात फुटी पुतळा बसवायचा, असे त्या पेठेने ठरवले आणि त्याचे ओतकाम माझ्याकडे आले. रोख वर्गणी चौथऱ्यातच संपली, म्हणून समितीने घरोघरची जुनी भांडी मागितली. ‘तुमचे भांडे पैलवानाच्या अंगात जाईल’ असे त्यांनी फलकावर लिहिले. लिहिण्यापूर्वी ओताऱ्याला विचारावे, असे कुणाच्याच मनात आले नाही.

एका रविवारी टेम्पो माझ्या दारात रिकामा झाला. ३१८ घरांची भांडी होती आणि काट्यावर ४१२ किलो भरली. हंडे, कळशा, पराती, समया, तळ गेलेले दोन बंब, असे सगळे होते. बहुतेकांवर नावे घातलेली होती. एका पितळी तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचे नाव आणि लग्नाचे साल कोरले होते. रोज चिंचेने घासून त्यातली अर्धी अक्षरे पुसट झाली होती.

यातले तांबे निघाले ५४ किलो, बाकीचे जवळजवळ सगळे पितळ. पुतळ्यासाठी आम्ही गनमेटल वापरतो. शंभर भागांत ८५ भाग तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी पाच भाग. तांब्याची भांडी मी मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घेऊ शकत होतो, कारण त्यांवरची कल्हई म्हणजे कथीलच. पितळेत मात्र जस्त तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत असते आणि ते ९०७ अंशांना उकळते. आमचा रस साधारण ११५० अंशांना ओतला जातो. तेवढ्या तापात जस्त पांढऱ्या धुराने उडून जाते, भट्टीवरच्या माणसाच्या छातीत भरते, आणि मागे किती उरले याचा नेम राहत नाही. शिवाय प्रत्येक भांड्याचे पितळ वेगळे आणि सांधे जोडायचे झाळकामही वेगळे. असा रस साच्यातल्या सहा मिलिमीटरच्या पोकळीत सोडला तर दंडावर बारीक भोकांची जाळी पडते, आणि ती भरून घासून लपवता आली तरी काही पावसाळ्यांनी उघडी पडते. ज्या गावाच्या शिवाजी चौकात १९४५ पासून बाबूराव पेंटरांच्या हातचा अर्धपुतळा उभा आहे, त्या गावात मी असे काम देणार नाही.

हे मी समितीला मुशीपाशी उभे करून समजावले. पितळ मोडीत विकायचे आणि त्या पैशांत लगडी घ्यायच्या, असे ठरले. निर्णय योग्यच होता. फलक मात्र कुणी बदलला नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

पैलवान आम्ही सात भागांत ओतला. उजवा हात ओतायच्या दिवशी समितीची माणसे पाहायला आली आणि त्यांच्याबरोबर सत्तरीच्या पुढची एक बाई आली. मेण जाळून साचा रिकामा झाला होता, मूस चिमट्यात धरलेली होती. अशा वेळी मी कुणाशी बोलत नाही. रस एका धारेत, न थांबता जावा लागतो. क्षणभर हात अडखळला तर तिथे सांधा पडतो. ओतून झाल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “आमचे मालक खासबागेत लढायचे. माझा तांब्या कुठे गेला?” त्यांनी नाव सांगितले तेव्हा मला ती पुसट अक्षरे आठवली. अध्यक्ष लगेच म्हणाले, “उजव्या दंडात गेलाय बघा, काकू.” त्या अजून धगधगणाऱ्या साच्याला त्यांनी हात जोडले. तांब्या मंगळवारीच मोडवाल्याकडे गेला होता. मी गप्प राहिलो.

संध्याकाळी मी मोडवाल्याकडे गेलो. माल पुढे रवाना झालेला होता.

अध्यक्ष मनाने वाईट नाहीत. त्या बाईंना आनंद व्हावा एवढेच त्यांना हवे होते. पण दात्याला खरे सांगितले तर त्याचे मन मोडेल, ही समजूत मला पटत नाही. १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून पैसे मागितले, तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी दिले, त्यांतल्या बहुतेकांनी डॉलरपेक्षाही कमी, आणि पेपराने त्यांची नावे छापली. आपले नाणे दगडात चिणले आहे असे त्यांना कुणी सांगितले नव्हते. नाव छापून आले, तेवढे त्यांना पुरले. आमच्या पेठेलाही ते पुरले असते, असे मला वाटते.

आता चौथऱ्यावरची पाटी ओतायची आहे. समितीने मजकूर दिला आहे, ‘या शिल्पात ३१८ घरांची भांडी वितळली आहेत’. तो मी ओतणार नाही, असे कळवले आहे. माझा मजकूर असा आहे: ‘३१८ घरांनी भांडी दिली, तांबे या शिल्पात आहे, पितळ विकून उरलेला धातू घेतला’, आणि त्याखाली सगळी ३१८ नावे. त्याने पाटी दुप्पट होते आणि खर्चही वाढतो. वाढीव धातू माझ्याकडून देण्याची माझी तयारी आहे. नावे मेणात उठवून तयार आहेत, त्या बाईंचेही आहे. समितीचे उत्तर आलेले नाही. पाटी बसण्याआधी त्या बाईंच्या घरी जाऊन तांब्याचे काय झाले ते सांगायचे मी ठरवले आहे; दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो.