जुन्या सीड्या, नवा लॅपटॉप आणि बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर

खानापूर असो, निपाणी असो की बेळगावजवळचं एखादं गाव, घरातलं लोखंडी कपाट उघडलं की लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या सीड्यांचा गठ्ठा हमखास निघतो. मंडळांकडे शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं चित्रण असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारख्या गावांत भरणारी साहित्य संमेलनं, भजनी मंडळांचे कार्यक्रम, हौशी नाटकं यांचं त्या काळातलं चित्रणही बहुतेक डिस्कवरच उतरलेलं. सीमाभागातल्या मराठीचा हा मोठा ऐवज आहे आणि तो फक्त वाचणाऱ्या यंत्राअभावी बंद पडू नये, असं मला मनापासून वाटतं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो, म्हणून एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर घ्यायचा. पण घेतल्यावर पहिलं काम जुन्या डिस्क वाचून घेण्याचं. नव्या लिहायचं काम त्यानंतर.

आधी विजेचं बघू, कारण या ड्राइव्हच्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ०.५ अँपिअर देतो, ३.० पोर्ट ०.९. सडपातळ रायटरला डिस्क गती घेताना आणि लेझर लिहिताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतो. तेवढा मिळाला नाही की ड्राइव्ह टक-टक आवाज करतो, यूएसबी निघाल्यासारखा लॅपटॉप वाजतो, ड्राइव्ह यादीतून गायब होतो. वाचताना सगळं नीट आणि लिहायला घेतलं की बंद, असं असेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्याचा. लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टला थेट लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट टाळून मागचा वापरा. दोन तोंडांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. बारीक तारेच्या लांब केबलीत व्होल्टेज पडतं. बिनअडॅप्टरचा हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा डबा, तर नकोच. लॅपटॉपला एकच टाइप-सी पोर्ट असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

दुसरी गोष्ट ट्रेची. सडपातळ ड्राइव्हचा ट्रे नुसता बाहेर उडी मारतो, आत मात्र हातानेच ढकलावा लागतो. लेझरची भिंग त्याच ट्रेवर उघडी असते, म्हणून ट्रे उघडा ठेवून चहाला जाऊ नये. डिस्क ठेवताना एका हाताने ट्रेला खालून आधार द्या आणि मधल्या चकतीभोवती दोन्ही बाजूंनी दाबून ‘टक’ आवाज येऊ द्या. अर्धवट बसलेली डिस्क आत घासते आणि तिच्यावर गोल चरा उमटतो. तो चरा ट्रॅकच्याच दिशेने जात असल्यामुळे सरळ ओरखड्यापेक्षा फार वाईट.

आता जुन्या डिस्क. व्हीसीडी, डीव्हीडी आणि कॅमेऱ्याची छोटी डिस्क, तिघींची तऱ्हा वेगळी.

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइली असतात. त्या विंडोजमध्ये सरळ कॉपी करायला गेलं की मध्येच त्रुटी येते आणि लोक डिस्क खराब समजून फेकून देतात. व्हीसीडीच्या चित्राच्या सेक्टरची रचना साध्या डेटा सीडीपेक्षा वेगळी असते आणि त्यांत चुका दुरुस्त करणारा जादा कोड नसतो, म्हणून असं होतं. व्हीएलसीमध्ये डिस्क म्हणून उघडून ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ करा किंवा आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने फाइल काढा. चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणार आणि त्यावर इलाज नाही. एआयने ‘सुधारलेली’ प्रत हवी तर वेगळी करा, मूळ फाइल मात्र तशीच ठेवा.

घरगुती डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि त्यात एक-एक जीबीच्या ‘व्हीओबी’ फाइली असतात. त्या एकेक करून बदलत बसू नका. मेक-एमकेव्ही या सॉफ्टवेअरने संपूर्ण कार्यक्रमाची एकच फाइल निघते, चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जाही घसरत नाही. त्याआधी सबंध डिस्कची आयएसओ, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत करून ठेवली तर उत्तम, कारण मेन्यू आणि प्रकरणांची रचनाही तिच्यात टिकते.

आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क डीव्हीडी हँडीकॅममधल्या. एका डिस्कवर १.४ जीबी, साधारण अर्ध्या तासाचं चित्रण. ट्रेच्या मधल्या खोलगट भागात त्या व्यवस्थित बसतात, पण फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या स्लॉट ड्राइव्हमध्ये कधीही घालू नका, आत अडकून बसतात. संगणक अशी डिस्क ‘रिकामी’ म्हणाला तरी लगेच आशा सोडू नका. ती बहुधा फायनलाइज झालेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली, नसते. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केलं तो चालू असेल तर त्यातच फायनलाइज करा. नसेल तर आयसोबस्टर अशा डिस्कवरचं चित्रण बऱ्याचदा शोधून देतो. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

दवाखान्यातून मिळणारी सीटी-एमआरआयची सीडीही याच रांगेत. उपचाराला मिरज-कोल्हापूरला जाणाऱ्या घरांत या सीड्या जमतात. त्यातलं एखादं चित्र उचलून उपयोग नाही. ‘डायकॉमडीर’ ही यादीची फाइल आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करा, म्हणजे डॉक्टरांकडच्या कुठल्याही व्ह्यूअरमध्ये उघडतील.

डिस्क वाचताना अडली तर आधी धुवा. मऊ सुती कापड, साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवून नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की प्लॅस्टिक कायमचं धुरकटतं. सीडी हाताळताना वरच्या, छापील बाजूला जास्त जपा. सीडीत माहितीचा थर त्या छापाच्या वार्निशाखाली लगेच असतो. तिथे खरवडलं की चकाकी निघते आणि माहिती जाते, मग खालच्या बाजूला कितीही पॉलिश केलं तरी व्यर्थ. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून थोडी सहनशील. तिचा धोका कडेला, जिथे चिकटवलेला जोड सुटू शकतो. डीव्हीडी वाकवून डबीतून काढू नये ती यासाठी. मधली कळ दाबा, मग उचला.

धुऊनही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. डेस्कटॉपमधला जुना, जाड, सव्वापाच इंची ड्राइव्ह अनेकदा सडपातळ ड्राइव्हने नाकारलेली डिस्क वाचतो. तो भंगारात देऊ नका. लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून माहिती काढणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेल्या जागी नंतर पुन्हा येतं, आणि नोंदीची फाइल ठेवत असल्यामुळे उरलेलं काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. एका डिस्कला रात्रभर लागू शकते.

सगळं हार्ड डिस्कवर आलं की लिहायचं. कोरी डीव्हीडी ४.७ जीबीची म्हणतात, विंडोजच्या मोजणीत ती ४.३८ भरते. मी म्हणेन ४.२ च्या पुढे जाऊ नका. लेखन आतून बाहेर होतं आणि सर्वाधिक चुका बाहेरच्या कडेला येतात. रंगद्रव्याचा थर तिथे कमी एकसारखा असतो, बोटंही तिथेच लागतात. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क घेतली तर एका डिस्कची बचत होते असं वाटतं, पण जपून ठेवण्यासाठी दोन साध्या डिस्क बऱ्या. मोझर बेअर ही आपली मोठी डिस्क कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन २०२५ मध्ये थांबवलं. दुकानात कोऱ्या डिस्कची निवड आता कमीच होत जाणार. सीलबंद पॅकच घ्या. खिडकीत उन्हात राहिलेला, सील फुटलेला गठ्ठा स्वस्त मिळाला तरी नको. लिहायची डिस्क म्हणजे प्रकाशाने बदलणारं रंगद्रव्यच.

वेग किती ठेवावा? सडपातळ ड्राइव्ह डीव्हीडी लिहिताना ८एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या आठपटीच्या, वर जात नाही. ४एक्सला भरलेली डिस्क सुमारे १४ मिनिटांत होते, ८एक्सला नऊ-दहा. चार मिनिटांसाठी धोका कशाला, ४एक्स ठेवा. त्याहून खाली जाण्यातही अर्थ नाही, कारण १६एक्ससाठी बनलेल्या डिस्कचं रंगद्रव्य फार मंद लेखनासाठी नसतं. सॉफ्टवेअर म्हणाल तर विंडोजवर इम्गबर्न (इन्स्टॉल करताना सोबतच्या जादा गोष्टींवरचं टिक काढा), लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो. विंडोजची स्वतःची सोय वापरणार असाल तर पेन ड्राइव्हसारखी वापरायची का, असं ती विचारते. तिथे सीडी-डीव्हीडी प्लेअरचा पर्याय निवडा. पहिल्या पर्यायाने केलेली डिस्क कित्येक प्लेअरवर उघडत नाही.

पेन ड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून थेट लिहू नका. आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्या, मग लिहा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ गडगडायला लागलं की वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी अर्ध्याच्या वर असल्याशिवाय सुरुवात नको आणि ‘स्लीप’ बंद ठेवा. एकदाच लिहायची डिस्क मध्ये तुटली की ती गेली.

घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालणारी लग्नाची डिस्क हवी असेल तर एमपी४ फाइल नुसती टाकून चालत नाही. डीव्हीडीस्टायलरसारख्या सॉफ्टवेअरने ती पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रांच्या एमपीईजी-२ मध्ये बदलावी लागते. हिशेब सोपा आहे. दोन तास एका डिस्कवर बसवले तर सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास मिळतात आणि चित्र छान येतं. तीन तास कोंबले की साडेतीनच उरतात. अक्षता पडताना आणि वरातीच्या दिव्यांत चौकटी दिसायला लागतात. लांब लग्नाच्या दोन डिस्क करा. गाडीतल्या प्लेअरसाठी गाण्यांची सीडी करताना फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, देवनागरी नावांच्या जागी बऱ्याच प्लेअरवर नुसते चौकोन येतात.

लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलींशी ताडून बघणं, हवंच. इम्गबर्न तपासणीआधी ट्रे बाहेर काढतं. सडपातळ ट्रे स्वतःहून आत जात नसल्यामुळे तो ढकलेपर्यंत काम थांबून राहतं. पुष्कळजण ट्रे उघडला म्हणजे झालं समजून डिस्क उचलतात आणि तपासणी राहूनच जाते. शक्य असेल तर नंतर ती डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्येही वाचून बघा. स्वतःची लिहिलेली डिस्क स्वतःच वाचणारा ड्राइव्ह फार भरवशाचा साक्षीदार नसतो.

लेखन सुरू होतानाच ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची त्रुटी आली तर समजा की ड्राइव्ह लेझरची ताकद जुळवू शकला नाही. क्रमाने बघा: दुसरा पोर्ट, दुसऱ्या कंपनीची डिस्क, मग भिंग. भिंगेला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित घेऊन हलका स्पर्श करा, दाबू नका. ती बारीक तारांवर टांगलेली असते. ब्रशवाल्या क्लीनर डिस्क मला पटत नाहीत. ट्रे अडकला तर केबल काढा, पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची क्लिप घाला, ट्रे सुटतो.

पावसाळ्यात मोटरसायकलवरून पिशवीतून आणलेला ड्राइव्ह लगेच चालू करू नका, तासभर घरात राहू द्या. भिंगेवर दमट थर असला तर धड डिस्कही वाचत नाही. खानापूरकडच्या पावसात भिंतीलगतच्या कपाटात बुरशी धरते, म्हणून डिस्क झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवा आणि आत सिलिका जेल टाका. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं दमट हवेत डिस्कला चिकटतात, कडक डब्या चांगल्या. रंग बदललेलं निळं जेल मंद आचेवर गरम केलं की पुन्हा कामाला येतं, मात्र त्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, तेव्हा स्वयंपाकाची कढई अजिबात वापरू नका. नाव लिहायचं तर सीडी मार्करने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल एका बाजूने सुटलं की डिस्कचा तोल जातो.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की प्रत्येक गठ्ठ्यातली एक-दोन डिस्क काढून पूर्ण वाचून बघा. कडेला आल्यावर वेग पडत असेल, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा थांबून गती घेत असेल, तर त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या डिस्क त्याच आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि नवी प्रत दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर लिहा.