जॅकचे सील पुन्हा पुन्हा जाते? आधी गाइड तपासा

हायड्रॉलिक लिफ्टच्या जॅकमधून, म्हणजे केबिन उचलणाऱ्या सिलिंडरमधून, तेल झिरपायला लागले की सोसायटीच्या कानावर पहिला शब्द पडतो तो ‘सील किट’. किट बदलतात, काही महिने बरे जातात आणि रॅमवरून, म्हणजे जॅकमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावरून, पुन्हा तेल ओघळायला लागते. असे दुसऱ्यांदा झाले तर तिसरे किट मागवण्याआधी गाइड तपासावेत, असे माझे ठाम मत आहे. सीलचे काम तेल अडवणे. आडवा भार घ्यायचा तो गाइडने: म्हणजे रेलने, रेलला धरून सरकणाऱ्या गाइड शूने आणि जॅकच्या डोक्यातल्या, रॅमला सरळ ठेवणाऱ्या गाइड रिंगने. हे झिजले की तो भार सीलवर येतो, आणि सील कितीही चांगले असो, ते टिकत नाही.

बंगले आणि छोट्या दवाखान्यांतल्या लिफ्टमध्ये एक मांडणी फार आढळते: दोन्ही रेल एकाच भिंतीला, जॅक त्यांच्यामध्ये, रॅमच्या टोकावर दोराची पुली आणि केबिन रेलच्या पुढे लटकलेली. पुली 1 मीटर चढली की केबिन 2 मीटर चढते. केबिन रिकामी असली तरी तिचे वजन वरच्या शूंना भिंतीपासून दूर ओढते आणि खालच्यांना भिंतीकडे दाबते. त्यामुळे वरचा लाइनर (शूच्या आतले, बदलता येणारे अस्तर) भिंतीकडच्या बाजूने झिजतो, खालचा केबिनकडच्या बाजूने. एकाच बाजूची झीज पाहून शू वाकडा बसला आहे असे समजू नका. बदलताना मात्र चारही लाइनर एकदम बदला. दोनच बदलले तर केबिन तिरकी राहते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पुलीच्या स्वतःच्या शूंकडे. केबिनच्या छतावरून ते सहज दिसत नाहीत, म्हणून सर्व्हिसमध्ये राहून जातात. ते सैल झाले की पुली डगमगते, रॅमचे टोक बाजूला सरते आणि गाइड रिंग एका अंगाने झिजते. रॅम पुसून त्यावर नख फिरवा. ओरखडे एकाच बाजूला असतील तर बहुधा आडवा भार येतो आहे. सगळीकडून असतील तर वायपर (रॅमवरची धूळ पुसणारी कडी) आणि तेलातली घाण पाहा.

आवाजावरूनही बरेच कळते. ठोका दरवेळी त्याच उंचीवर बसत असेल तर रेलचा जोड पाहा. रेल साधारण 5 मीटरच्या लांबीत येते, त्यामुळे जोड कुठे असेल याचा अंदाज करता येतो. फिशप्लेटचे (जोडामागच्या पट्टीचे) बोल्ट कसा, पायरी राहिलीच तर बारीक कानशीने लांबवर उतार देऊन घासा. सगळ्या प्रवासात ठराविक लयीत धबधब होत असेल तर रोलर चपटा झाला आहे (काही लिफ्टमध्ये सरकत्या शूऐवजी रबरी रोलर असतात). लिफ्ट बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली की भाराखालच्या रोलरचे असे होते. रोलरच्या रेलला तेल लावू नका. रबर फुगते आणि रोलर फिरण्याऐवजी घसरतो. सरकत्या शूच्या रेलला तेल लागते, तेही लाइनर बनवणाऱ्याने सांगितलेलेच. ग्रीस तर नकोच: उन्हाळ्यातली धूळ तिच्यात बसली की ती पॉलिश पेपरसारखी लाइनर खाते.

तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजवरही लक्ष ठेवा. रिकामी केबिन खालून वर जाताना किती दाब दिसतो, तो लॉगबुकात लिहून ठेवा. तेल आणि वेग तेच असताना दाब वाढला, किंवा सुटताना केबिन धक्के घेऊ लागली, तर शू आवळले आहेत किंवा रेलमधले अंतर, म्हणजे डीबीजी, बदलले आहे. अशा वेळी ओळंबा सोडून प्रत्येक ब्रॅकेटजवळ मोजा. विटांच्या भिंतीत ठोकलेले अँकर हळूहळू सैल होतात. ब्रॅकेटला आरसीसी पट्टा किंवा आरपार बोल्टच हवा.

बडोद्यात पिटाचा, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्याचा, प्रश्न वेगळाच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते. पिटात असे पाणी आले असेल तर ते उपसून लगेच लिफ्ट सुरू करू नका. रेलचा खालचा भाग घासून गंज काढा, लाइनर उघडून त्यात रुतलेली रेती काढा, रोलरचे बेअरिंग हाताने फिरवून पाहा आणि सेफ्टी गिअरच्या (केबिन घसरली तर रेल पकडून थांबवणाऱ्या यंत्रणेच्या) पाचरी मोकळ्या आहेत याची खात्री करा.

लाइनर बदलण्याआधी केबिन पिटातल्या भक्कम टेकूंवर उतरवा, मेन स्विच बंद करून कुलूप घाला. फक्त व्हॉल्व्हच्या भरवशावर लटकलेल्या केबिनखाली कुणालाही उतरू देऊ नका. एका वेळी एकच शू उघडा. रेल केरोसीनच्या फडक्याने पुसा, रेलच्या पात्याची जाडी मोजूनच लाइनर घ्या. बसवल्यावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोकळीक पाहा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा.